एजंटने पोस्टला हात लावला की ब्लॉक मोडतात: वर्डप्रेसवरचं जुनं दुखणं आणि त्याचा लेखी इलाज

लक्षण असं असतं. एआय एजंटला सांगितलं, "या लेखात कार्यक्रमाची तारीख चुकली आहे, तेवढी बदल." त्याने बदलली. साइटवर लेख उघडून पाहिला तर तारीख बरोबर, चित्रं जागच्या जागी, कुठे काही बिघडल्याचं दिसत नाही. मग कधीतरी डेस्कवरचं कुणी तोच लेख एडिटरमध्ये उघडतं. परिच्छेद, मथळे, चित्रं असे सुटे ब्लॉक दिसायला हवेत, तिथे सबंध लेख एकाच 'क्लासिक' ब्लॉकमध्ये कोंबलेला असतो. किंवा ब्लॉक सुटे असतात, पण त्यातल्या दोन-तीनांवर करडी पट्टी येते: मजकूर अनपेक्षित किंवा अवैध आहे, आणि खाली 'अटेम्प्ट रिकव्हरी'चं बटण.

लेख पूर्ववत केला जातो, एजंटला चॅटमध्ये समज दिली जाते, तो "यापुढे काळजी घेईन" म्हणतो. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या लेखावर तेच. यात नवल काहीच नाही. नवीन सत्र सुरू झालं की त्याच्यासमोर कोरी पाटी असते. तुमची समज जुन्या सत्रातच राहिली. जे कुठे लिहून ठेवलेलं नाही ते त्याच्या लेखी घडलेलंच नाही.

खालचं सगळं वर्डप्रेसबद्दल आहे. एजंट रेस्ट एपीआयमधून (प्रोग्रामना वेबवरून साइटशी बोलायचा दरवाजा) किंवा डब्ल्यूपी-सीएलआयमधून (टर्मिनलमधून वर्डप्रेस चालवायच्या कमांड) काम करतो आणि साइट मराठी मजकुराची आहे, असं धरून चाललोय. मराठीचा संबंध पुढे येईलच, दोन खोडी तर फक्त आपल्याच वाट्याला येतात. कमांड आणि फील्डची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन.

बिघाड नेमका कुठे होतो

डिसेंबर २०१८मध्ये ५.० आवृत्तीबरोबर ब्लॉक एडिटर आला, पण मजकूर साठवायची जागा बदलली नाही. डेटाबेसमधल्या त्याच जुन्या 'पोस्ट कन्टेन्ट' रकान्यात सगळं जातं. ब्लॉक कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे एचटीएमएलच्या टिप्पण्यांमध्ये लिहिलेलं असतं. परिच्छेदाच्या आधी 'डब्ल्यूपी:पॅराग्राफ' अशी टिप्पणी, शेवटी तीच तिरक्या रेघेसह. ब्राउझरमध्ये टिप्पण्या दिसत नाहीत, म्हणून वाचकाला त्यांचा पत्ता नसतो. एडिटरचा मात्र सगळा भार त्यांच्यावरच.

आता रेस्ट एपीआय. तो डिसेंबर २०१६मध्ये, ४.७ आवृत्तीत, गाभ्यात आला. त्याला पोस्ट मागितली की मजकूर दोन रूपांत मिळू शकतो: 'रेन्डर्ड' आणि 'रॉ'. काही न सांगता मागितली तर फक्त रेन्डर्ड मिळतो. रॉ हवा असेल तर 'कॉन्टेक्स्ट' या पॅरामीटरला 'एडिट' अशी किंमत द्यावी लागते, आणि त्यासाठी लॉगिन लागतं.

रेन्डर्ड म्हणजे वाचकाला वाढलेलं ताट. ब्लॉकच्या टिप्पण्या गळलेल्या, शॉर्टकोडच्या (चौकोनी कंसातल्या छोट्या खुणांच्या) जागी त्यांनी तयार केलेला एचटीएमएल, सरळ अवतरणचिन्हांची वळलेली चिन्हं झालेली, चित्रांच्या टॅगला 'एसआरसीसेट' आणि 'साइझेस' हे वेगवेगळ्या पडद्यांसाठीचे गुणधर्म चिकटलेले. एजंट हा मजकूर वाचतो, त्यातली तारीख बदलतो आणि तोच परत पाठवतो. सर्व्हर बिनतक्रार घेतो, २०० असा यशाचा कोड देतो. एजंट कळवतो, "काम झालं." त्याच्या बाजूने पाहिलं तर झालंच आहे.

टिप्पण्या गेल्याने क्लासिक ब्लॉक होतो, तो डोळ्याला दिसतो आणि 'कन्व्हर्ट टू ब्लॉक्स' दाबून बराचसा निस्तरता येतो. खरी हानी न दिसणारी असते. आमच्याकडे प्रत्येक लेखाच्या तळाशी वर्गणीची चौकट आहे. ती एकच समक्रमित पॅटर्न आहे: लेखात चौकटीचा मजकूर नसतोच, फक्त 'डब्ल्यूपी:ब्लॉक' आणि चौकटीचा क्रमांक असतो. वर्गणी बदलली की एका ठिकाणी बदलायची, सगळीकडे बदलते. एजंटच्या हाताखालून गेलेल्या लेखांमध्ये मात्र त्या क्रमांकाची जागा त्या दिवशीच्या चौकटीने घेतली होती. वर्गणी वाढली, बाकी सगळे लेख नवा आकडा दाखवू लागले आणि हे मोजके लेख जुन्या आकड्यावर अडून बसले. वाचकाचा फोन आला तेव्हा शोधाशोध सुरू झाली, आणि सुरुवातीला सगळ्यांचा संशय कॅशवर (पानांच्या साठवलेल्या जुन्या प्रतींवर) होता. 'ताज्या बातम्या'सारखे ब्लॉक असेच गोठतात. संपर्काच्या फॉर्मचा शॉर्टकोडही. फॉर्म दिसत राहतो, पाठवा दाबलं की चालत नाही.

आधीच बिघडलेले लेख कसे शोधायचे

दोन खुणा आहेत.

पहिली, डेटाबेसमधल्या पोस्ट कन्टेन्टमध्ये 'एसआरसीसेट' हा शब्द शोधा. वर्डप्रेस तो पान दाखवताना जोडतं, साठवताना नाही. तो साठवलेल्या मजकुरात सापडला तर बहुतेक वेळा कुणीतरी रेन्डर्ड मजकूर परत लिहिला आहे. एजंट एडिटर किंवा ॲडमिनच्या खात्यातून लिहीत असेल तर ही खूण उपयोगी पडते. कमी अधिकारांच्या खात्यातून लिहिताना वर्डप्रेसची चाळणी मधे येते आणि असे गुणधर्म गळू शकतात, त्यामुळे फक्त हिच्यावर विसंबू नका.

दुसरी जास्त भरवशाची: लेखाच्या रिव्हिजन (वर्डप्रेसने साठवलेल्या आधीच्या प्रती) पाहा. आधीच्या रिव्हिजनमध्ये 'डब्ल्यूपी:'च्या टिप्पण्या आहेत आणि आत्ताच्या मजकुरात एकही नाही, तर लेख बिघडलेला. फक्त "टिप्पण्या नाहीत" एवढ्यावर निकाल देऊ नका. २०१८च्या आधीच्या लेखांत त्या नसायच्याच, आणि ते लेख बिघडलेले नाहीत.

दुरुस्ती करताना सरसकट जुनी रिव्हिजन परत आणायचा मोह होतो. मधल्या काळात माणसांनी केलेल्या दुरुस्त्या त्यात वाहून जातात. शेवटची धड रिव्हिजन घ्यायची, तिच्यापुढचे मजकुरातले बदल शेजारी ठेवून पाहायचे आणि ते ब्लॉकच्या आत हाताने बसवायचे. कंटाळवाणं आहे, पण लेख सहसा थोडेच असतात. साइटवर रिव्हिजनची संख्या मर्यादित केली असेल तर हे काम उद्यावर टाकू नका. रोज होणाऱ्या प्रत्येक 'अपडेट'बरोबर एक जुनी रिव्हिजन पुसली जाते.

"पण आमच्याकडे तर सूचना लिहिलेल्या होत्या"

बहुतेकांकडे असतात. कुठल्या तरी डॉकमध्ये किंवा रेपोच्या (कोडच्या साठ्याच्या) 'एजंट्स डॉट एमडी' या एजंटसाठीच्या सूचनांच्या फाइलमध्ये "ब्लॉक मोडू नयेत याची काळजी घ्या" असं एक वाक्य असतं. हे वाक्य माणसाला पुरतं, कारण माणूस एडिटर उघडतो, ब्लॉक मोडला की त्याला करडी पट्टी दिसते आणि तो थबकतो. एजंटसमोर पडदाच नसतो. त्याला दिसतो तो यशाचा कोड. माणसासाठी लिहिलेल्या कागदपत्रांमध्ये पडद्यावर आपोआप कळणारं सगळं गाळलेलं असतं, आणि एजंट नेमका तिथेच घसरतो.

म्हणून एजंटसाठी लिहायचं म्हणजे साधनाची वैशिष्ट्यं सांगायची असं नाही. पॅरामीटरची यादी त्याला 'डब्ल्यूपी हेल्प पोस्ट अपडेट' म्हटलं की स्वतः मिळते, आणि ती तुमच्या फाइलपेक्षा ताजी असते. ती उतरवून काढू नका. लिहायचं ते हे: कोणत्या कामात साधन गप्प राहून चुकतं, आणि ते चुकलं हे कसं ओळखायचं.

आमच्या फाइलमधला या एका कामापुरता भाग आता असा आहे:

> प्रकाशित लेखातला मजकूर बदलणे
>
> मजकूर वाचायचा तो 'डब्ल्यूपी पोस्ट गेट'ने, 'पोस्ट कन्टेन्ट' हे फील्ड मागून. सीएलआय उपलब्ध नसेल तर रेस्टमधून, पण कॉन्टेक्स्ट एडिट देऊन, आणि फक्त रॉ वापरून. रेन्डर्ड फील्ड वाचायला चालतं, परत लिहायला कधीही नाही.
>
> मिळालेला मजकूर 'आधी' या नावाच्या फाइलमध्ये ठेवा. बदल 'नंतर' या प्रतीत करा. ब्लॉकच्या टिप्पण्यांना आणि त्यांच्या आतल्या जेसनला (महिरपी कंसातल्या गुणधर्मांना) हात लावू नका.
>
> लिहिताना 'नंतर' ही फाइलच कमांडला द्या. मजकूर कमांडच्या ओळीत अवतरणात घालू नका.
>
> लिहून झाल्यावर मजकूर पुन्हा वाचा आणि 'आधी'शी ताडून पाहा. सांगितलेल्या बदलाशिवाय एकही ओळ वेगळी असेल, किंवा 'डब्ल्यूपी:'च्या टिप्पण्यांची संख्या बदलली असेल, तर 'आधी' फाइल परत लिहा, थांबा आणि फरक दाखवा. स्वतः दुसरा मार्ग शोधू नका.
>
> रॉ मिळत नसेल, म्हणजे ४०१ किंवा ४०३ हा परवानगी नसल्याचा कोड आला, तर हे काम होणार नाही. तसं सांगा.

शेवटची ओळ क्षुल्लक वाटते, पण सगळ्यात जास्त उपयोग तिचाच झाला. आधीच्या फाइलमध्ये "रॉ वापरा" एवढंच होतं. लॉगिन फसलं की रॉ मिळायचा नाही, आणि एजंट कामसू असल्याने जे मिळतंय त्यावर, म्हणजे रेन्डर्डवर, काम उरकायचा. नुसती मनाई लिहिली आणि अडल्यावर काय करायचं ते लिहिलं नाही, तर तो वाट शोधणारच. "इथे थांबायला परवानगी आहे" हे त्याला शब्दांत सांगावं लागतं.

लॉगिन फसण्याचं एक नेहमीचं कारण इथेच नोंदवतो. वर्डप्रेस ५.६पासून ॲप्लिकेशन पासवर्ड (प्रोग्रामसाठीचे वेगळे पासवर्ड) आहेत, एजंटला तेच द्यावेत. काही होस्टिंगवर अपाची पीएचपीला सीजीआय पद्धतीने चालवतं आणि पासवर्ड वाहून नेणारं 'ऑथरायझेशन' हेडर वाटेतच गळतं. पासवर्ड बरोबर असूनही वर्डप्रेसच्या दृष्टीने विनंती अनोळखी पाहुण्याची ठरते. एजंट पासवर्ड चुकीचा म्हणून नवा मागत राहतो. नवा देऊन उपयोग नाही, 'एचटीॲक्सेस' या सर्व्हरच्या सेटिंगच्या फाइलमध्ये हेडर पुढे पाठवायचा नियम घालावा लागतो.

फाइलमधून मजकूर द्यायचा नियम का? एजंट मजकूर दुहेरी अवतरणात घालून कमांड चालवतो तेव्हा शेल (टर्मिनलमधल्या कमांड वाचणारा प्रोग्राम) त्यातलं डॉलरचं चिन्ह व्हेरिएबल समजतो. शंभर डॉलर लिहिलेले असतील तर डॉलर आणि एक गायब होऊन नुसती दोन शून्यं उरतात. अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाची बातमी असेल तर तिकिटाचा दर असाच उडतो. रुपयाच्या चिन्हाला काही होत नाही, म्हणून हा दोष फार दिवस लपून राहतो.

करडी पट्टी: ब्लॉक आहेत, पण अवैध

हा दुसरा प्रकार एजंट नवा मजकूर स्वतः लिहितो तेव्हा येतो. एडिटर लेख उघडताना प्रत्येक ब्लॉकच्या टिप्पणीतले गुणधर्म घेतो, त्यावरून एचटीएमएल स्वतः पुन्हा तयार करतो आणि साठवलेल्याशी ताडतो. जुळलं नाही की ब्लॉक अवैध. टिप्पणीत मथळ्याची पातळी ३ आणि खाली टॅग दुसऱ्या पातळीचा, की गेलं. चित्राच्या टिप्पणीत एक क्रमांक आणि टॅगच्या क्लासमध्ये वेगळा, की गेलं.

ही तपासणी ब्राउझरमध्ये, जावास्क्रिप्टमध्ये होते. सर्व्हरला तिचा पत्ता नसतो, त्यामुळे सीएलआय किंवा रेस्टकडून कधीच तक्रार येणार नाही. फाइलमध्ये "ब्लॉक वैध आहेत का ते तपासा" लिहून काही होत नाही. एजंट मजकूर डोळ्याखालून घालतो आणि वैध आहे म्हणतो. दोनच गोष्टी चालतात.

एक, नमुने द्या. तुमच्या थीममध्ये, तुमच्या एडिटरमध्ये एक परिच्छेद, एक मथळा, ओळ घातलेलं एक चित्र, एक अवतरण आणि एक तक्ता तयार करा, कोड एडिटरमध्ये जा आणि जसंच्या तसं उचलून फाइलमध्ये ठेवा. हाताने लिहू नका, एजंटकडून तर मुळीच लिहून घेऊ नका. तो ज्या आवृत्तीवर शिकला तिथलं रूप त्याला आठवतं, आणि ब्लॉकचं रूप आवृत्तीगणिक थोडंथोडं बदलतं. "या पाच नमुन्यांबाहेरचा ब्लॉक लागला तर साधा परिच्छेद वापरा आणि कळवा" हे वाक्य नमुन्यांच्या वरच टाका.

दोन, एजंटकडे ब्राउझर चालवायचं साधन असेल तर लेख एडिटरमध्ये उघडायला लावा. एडिटरच्या डेटामध्ये प्रत्येक ब्लॉकला 'इज व्हॅलिड' असं फील्ड असतं. खोटं असलेल्या ब्लॉकची यादी मागा. साधन नसेल तर ही तपासणी माणसाची, असं स्पष्ट लिहा आणि त्या लेखांना 'पेंडिंग'मध्येच (तपासणीच्या प्रतीक्षेत) ठेवा.

आता मराठीची पहिली खोडी. कधीकधी चौकटीच्या शीर्षकात किंवा बटणावर मराठी अक्षरांऐवजी 'यू०९१५'सारखी अक्षर-आकड्यांची माळ उमटते. पायथॉनमध्ये जेसन तयार केलं की डीफॉल्टनुसार देवनागरी अक्षराच्या जागी उलटी तिरकी रेघ, यू आणि त्या अक्षराचा युनिकोड क्रमांक येतो. जेसन म्हणून ते अगदी बरोबर आहे. पण एजंटने ते 'डब्ल्यूपी इव्हॅल'मधून (पीएचपी कोड चालवणारी कमांड) थेट 'डब्ल्यूपी अपडेट पोस्ट' या फंक्शनला दिलं, तर ते फंक्शन उलट्या रेघा काढून टाकतं, कारण त्याला आधी त्या वाढवून दिलेल्या असाव्यात अशी त्याची अपेक्षा असते. रेघ गेली, यू आणि आकडा उरला. नेहमीची पोस्ट अपडेटची कमांड आणि रेस्ट दोन्ही ही काळजी स्वतः घेतात. त्यामुळे फाइलमध्ये एकच ओळ पुरते: मजकूर लिहायला इव्हॅल वापरू नका. इंग्रजी साइटवर हा दोष क्वचित दिसतो, तिथे फक्त कंसासारखी चिन्हं अशी लिहिली जातात.

एकच बातमी दोनदा येते

ही दुसरी खोडी, आणि हिचं कारण समजायला जास्त वेळ जातो.

वर्डप्रेसमध्ये स्लगचा (लेखाच्या वेब पत्त्यातल्या नावाचा) रकाना २०० अक्षरांचा आहे. देवनागरी स्लग तिथे टक्क्याची चिन्हं (%) असलेल्या सांकेतिक रूपात साठवला जातो. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८मध्ये तीन बाइटांचं, प्रत्येक बाइटला टक्का आणि दोन अक्षरं, म्हणजे एका चिन्हाला ९ जागा. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं धरली जातात. म्हणजे २०० जागांमध्ये फार तर २२ चिन्हं.

'पालखी सोहळ्यानिमित्त वाहतुकीत बदल' हे शीर्षक घ्या. 'पालखी'ची ५ चिन्हं, ४५ जागा. जोडरेघेची एक. 'सोहळ्यानिमित्त'ची १४ चिन्हं, १२६ जागा. पुन्हा जोडरेघ. झाल्या १७३. उरल्या २७, म्हणजे तीन चिन्हं: व, काना, ह. स्लग होतो 'पालखी-सोहळ्यानिमित्त-वाह'. वाचकाला काही फरक पडत नाही, पण एजंटला पडतो. त्याने पूर्ण स्लग पाठवला होता. पोस्ट झाली की नाही हे पाहायला तो यादीतले स्लग त्याच पूर्ण स्लगशी ताडतो, एकही जुळत नाही, तो समजतो विनंती वाटेत हरवली आणि पुन्हा पोस्ट करतो. दुसऱ्या प्रतीच्या शेवटी २ लागतो, त्याला जागा करून द्यायला आणखी एक चिन्ह छाटलं जातं, आणि 'पालखी-सोहळ्यानिमित्त-वा-२' असं काहीतरी तयार होतं.

पूर्ण स्लग जुळूनही हेच होऊ शकतं. रेस्टमध्ये यादी मागितली तर डीफॉल्टनुसार फक्त प्रकाशित पोस्ट येतात, मसुदे नाहीत. आणि एका वेळी १०च येतात, फार तर १०० मागता येतात. एकूण किती आहेत ते प्रतिसादाच्या हेडरमध्ये असतं, मजकुरात नाही. "साइटवर दहा लेख आहेत" असं एजंट ठामपणे सांगतो ते यामुळे. शिवाय मसुद्याला तुम्ही स्लग दिला नसेल तर तो असतच नाही, प्रकाशित होताना शीर्षकावरून बनतो.

इलाज छोटा आहे. पोस्टची ओळख म्हणजे आयडी, दुसरं काही नाही. पोस्ट तयार करताना मिळालेला आयडी लगेच नोंदवा. सीएलआयमध्ये 'पोर्सेलिन' लावलं की कमांड फक्त आयडी परत देते. खात्री करायची तर आयडीनेच. आणि स्लग नेहमी छोटा, रोमन लिपीत द्या. हा शेवटचा मुद्दा वादाचा आहे, मला ठाऊक आहे. देवनागरी दुवा दिसायला छान दिसतो. पण व्हॉट्सॲपवर चिकटवला की अनेकदा टक्क्यांची लांबलचक रांग होते, आणि डेस्कवर त्यावरून होणारी कुरकुर मी पुरेशी ऐकली आहे.

फाइलमध्ये न लिहिता बंदोबस्त करायच्या गोष्टी

"परवानगीशिवाय प्रकाशित करू नका" हे वाक्य मी आता फाइलमध्ये ठेवत नाही. नवा मजकूर लिहिणाऱ्या एजंटला कॉन्ट्रिब्युटरची भूमिका दिली की त्याला प्रकाशित करताच येत नाही. तो मसुदा तयार करतो, फार तर पेंडिंगमध्ये ठेवतो. जी गोष्ट कुलपाने होते तिच्यासाठी पाटी कशाला. पाट्या जितक्या जास्त, तितकी महत्त्वाची पाटी वाचली जायची शक्यता कमी.

या भूमिकेच्या मर्यादा मात्र लिहाव्या लागतात, नाहीतर एजंट त्यांच्यावर डोकं आपटत बसतो. कॉन्ट्रिब्युटर चित्रं चढवू शकत नाही. प्रकाशित लेख बदलू शकत नाही. त्या कामाला वेगळं खातं लागतं, आणि ते खातं फक्त त्याच सत्रात द्यावं. आणि त्याने लिहिलेल्या मजकुरातून आयफ्रेम, स्क्रिप्ट अशा गोष्टी चाळणीत गुपचूप निघून जातात. हाही गप्प राहून चुकण्याचाच प्रकार. यूट्यूबचा व्हिडिओ आयफ्रेमने घातला तर उडतो, एम्बेड ब्लॉकमध्ये नुसता दुवा दिला तर राहतो. त्याचा नमुना वरच्या पाचांबरोबर ठेवा.

साइट कोणती, हाही कुलपाचाच विषय. सीएलआयमध्ये स्टेजिंगसाठी (साइटच्या चाचणीच्या प्रतीसाठी) टोपणनाव ठरवता येतं, पण ते लावायला एजंट विसरला आणि तो लाइव्ह सर्व्हरवरच बसलेला असेल तर कमांड लाइव्हवर चालते. त्याला लाइव्ह सर्व्हरचं शेल देऊच नका. स्टेजिंगचं द्या, लाइव्हसाठी फक्त रेस्ट. मग कोरडी चाचणी न करता, म्हणजे काय बदलेल ते आधी न पाहता, सगळीकडे शब्द बदलणं असले प्रकार निदान स्टेजिंगवरच होतील.

डिसेंबर २०२५च्या ६.९ आवृत्तीत ॲबिलिटीज एपीआय आला आहे. त्यात साइटला काय काय करता येतं ते नाव, वर्णन, येणाऱ्या-जाणाऱ्या माहितीचा साचा आणि परवानगीची अट यांसकट नोंदवता येतं, आणि एमसीपीच्या (एजंटला बाहेरची साधनं जोडायच्या पद्धतीच्या) जोडणीतून ते एजंटपर्यंत पोचवता येतं. फक्त तारीख बदलायचं काम करणारी एक ॲबिलिटी लिहिली तर वरचा अर्धा उतारा फाइलमधून काढता येईल. पण तिथलं वर्णनही कुणाला तरी लिहावंच लागतं, आणि "पोस्ट अपडेट करते" एवढं वर्णन लिहिलं तर आपण जिथे होतो तिथेच परत आलो.

वेळेचं

थोडक्यात. रेस्टमध्ये 'डेट' म्हणजे साइटची वेळ आणि 'डेट जीएमटी' म्हणजे ग्रीनिच. भारतीय वेळ चुकून दुसऱ्यात गेली तर पोस्ट साडेपाच तास पुढची ठरते आणि प्रकाशित न होता 'शेड्यूल्ड' होऊन बसते. उलट चूक झाली तर ताजी बातमी साडेपाच तास जुनी दिसते आणि यादीत खाली सरकते. फक्त 'डेट' वापरायला सांगा, आणि लिहिल्यावर स्थिती वाचून दाखवायला.

लिहिलेलं चालतं का, हे कसं पाहायचं

एजंटला "ही फाइल समजली का" असं विचारू नका, समजली असंच म्हणेल. नवं सत्र उघडा, त्याला फक्त ती फाइल आणि स्टेजिंगचं खातं द्या, आणि एक रोजचं काम सांगा: वर्गणीची चौकट, एक शॉर्टकोड आणि एक तक्ता असलेल्या लेखातला एक आकडा बदल. तो काय करतो ते कमांडगणिक पाहा. जिथे त्याने अंदाज बांधला, तिथे फाइलमध्ये काहीतरी कमी आहे. मग त्याच कामात मुद्दाम अडथळा घाला. पासवर्ड रद्द करा आणि तेच काम पुन्हा द्या. थांबून सांगत असेल तर तो उतारा पक्का, आडवाट शोधत असेल तर उताऱ्याचे शब्द बदला.

चाचणीत एक गोष्ट रेस्टकडून कळणार नाही. लेख दुसऱ्या कुणी ब्राउझरमध्ये उघडून ठेवला असेल तर एडिटर माणसाला "हे सध्या अमुक संपादित करत आहे" असं सांगतो. रेस्ट हे कुलूप पाहत नाही. एजंट लिहून मोकळा होतो आणि मागाहून त्या माणसाने 'अपडेट' दाबलं की एजंटचा बदल पुसला जातो. यावर आम्ही केलेला उपाय तांत्रिक नाही: प्रकाशित लेखांवरचं एजंटचं काम रात्रपाळी संपल्यावर, डेस्क रिकामं असताना.

नमुन्यांचे पाच ब्लॉक प्रत्येक मोठ्या आवृत्तीनंतर आणि थीम बदलल्यावर एडिटरमधून नव्याने उचलावे लागतात. फाइलच्या पहिल्या ओळीत ते कोणत्या आवृत्तीवर घेतले ते लिहून ठेवा, आणि एजंटला कामाच्या सुरुवातीला 'डब्ल्यूपी कोअर व्हर्जन' चालवून तो आकडा जुळतो का ते पाहायला सांगा. जुळला नाही तर नवा मजकूर लिहायचं काम त्याने त्या दिवशी घेऊ नये.